मुलं मागे झोपतील, पण चालवणारा?

स्टेअरिंगमागून : वाचकांचे प्रश्न, ड्रायव्हरकाकांची उत्तरं

प्रश्न : काका, आम्ही कोथरूडला राहतो. मुलगी साडेचार वर्षांची आणि मुलगा 14 महिन्यांचा. दिवाळी झाली की गुरुवार ते सोमवार शिरोड्याला समुद्राजवळ घर घेतलंय. आमचे हे म्हणतात, बुधवारी ऑफिस सुटलं की जेवून रात्री 9 ला गाडीने निघू, मुलं झोपून जातील, पहाटे समुद्रावर. मी म्हणते, विमानाने गोव्याला उतरू आणि तिथून जाऊ. सासूबाईंना वाटतं की एवढ्या लहान बाळाचे कान विमानात फुटतील. मुलीला मागच्या वेळी पसरणीच्या घाटात तीनदा उलटी झाली होती. विमानाची तिकिटं महाग आहेत, आणि तिथे गेल्यावर गाडी हाताशी नको का, हाही मुद्दा आहेच. काय करावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात बाळाची झोप आहे, मुलीचं पोट आहे, सासूबाईंची काळजी आहे, तिकिटांचे भाव आहेत. दिवसभर ऑफिस करून रात्री 9 ला स्टेअरिंगवर बसायचंय त्या माणसाचं मात्र एक अक्षर नाही. मी तिथूनच सुरुवात करतो. ॲम्बॅसॅडर, सुमो आणि शेवटी इनोव्हा, असा सगळा जन्म कराडहून टुरिस्ट गाडी चालवण्यात गेला. त्यामुळे मला आधी चालवणारा दिसतो, मग पॅसेंजर.

‘मुलं झोपतील म्हणून रात्री निघू’ हे वाक्य मी इतक्या बापांच्या तोंडून ऐकलंय! मुलं झोपतात, खरं आहे. कात्रज मागे पडलं की बाळ झोपतं, साताऱ्याच्या आत मुलगी झोपते. दोघांच्या मध्ये अवघडून बसलेल्या तुम्ही कराडपर्यंत झोपता. आता गाडीत एकच माणूस जागा, आणि त्याच्याशी बोलायला कोणी नाही. गाडीत सगळे झोपले की चालवणाऱ्याचेही डोळे जड होतात, हे आमच्या धंद्यातलं पोरगंसुद्धा सांगेल.

वेळेचा हिशोब मांडू. 9 ला निघालात. खेड-शिवापूरच्या टोलला सुट्टीची गर्दी, खंबाटकीत ट्रकांची रांग, पुढे रस्त्याच्या कामांसाठी मधेच सर्व्हिस रोडवर उतरवतात. कोल्हापूर यायला दीड-दोन वाजणार. मग कागल, निपाणी, आजरा. आंबोलीचा घाट उतरायला लागाल तेव्हा पहाटेचे 4 असतील. माणसाला झोप सगळ्यात अनावर होते ती 2 ते 5 या वेळात. म्हणजे रस्ता सगळ्यात अवघड तेव्हाच डोळे सगळ्यात जड. वर आंबोलीला धुकं असलं तर विचारूच नका.

आणि एक गोष्ट पुण्यात बसून लक्षात येत नाही. दिवाळीनंतर आमच्याकडे उसाचा हंगाम सुरू होतो. कराडपासून कोल्हापूरपर्यंत आणि पुढे आजऱ्याच्या रस्त्यालाही ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्याला चाललेला असतो. ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला, मागे लाल दिवा नाही, असला तर उसाच्या पाल्यात लपलेला. वेग सायकलीचा. तुमच्या हेडलाइटच्या झोतात ती ट्रॉली येते तेव्हा फार जवळ आलेली असते. ताजातवाना ड्रायव्हर ब्रेक मारतो. पेंगुळलेला माणूस आधी ‘हे काय आहे’ याचा विचार करतो, आणि तेवढ्यात अंतर संपतं.

दाजी म्हणतील, मी चहा घेत जाईन, काच खाली करीन, गाणी लावीन. मी हे सगळं केलेल्या ड्रायव्हरांना ओळखतो. झोपेवर उपाय झोपच. गाडी पेट्रोल पंपाच्या उजेडात लावून वीस मिनिटं डोळे मिटले तर उपयोग होतो. पण मागे दोन लेकरं घेऊन कुठला बाप ‘मी जरा झोपतो’ म्हणेल? तो ‘आता थोडंच राहिलंय’ म्हणतो.

तेव्हा बुधवारी रात्री गाडीने निघणं, हा पर्याय यादीतून काढून टाका. राहिले दोन : गुरुवारी पहाटे गाडी, नाहीतर विमान. तुमच्या पाच दिवसांसाठी मी विमान सांगतो. गाडीवर पोट भरलेला माणूस सांगतोय, तेव्हा दाजींना वाचून दाखवा.

विमान तासाभराचं म्हणून प्रवास तासाभराचा होत नाही, एवढं मात्र खरं. कोथरूडहून लोहगावच्या विमानतळावर पोचायला तास-सव्वातास, विमानाच्या दोन तास आधी तिथे हजर, विमान तासाभराचं, बॅगा यायला अर्धा तास, पुढे शिरोड्यापर्यंत तासभर. घरापासून घरापर्यंत साडेपाच-सहा तास. गाडीने साधारण 400 किलोमीटर आणि लहान मुलांचे थांबे धरून दहा तास. वाचतात चारच तास. पण जातानाचे चार आणि येतानाचे चार, म्हणजे मुलांचा जागेपणीचा एक अख्खा दिवस तुम्हाला मिळतो. येताना तर जास्तच. सोमवारी परतायचं आणि मंगळवारी ऑफिस. संध्याकाळी सगळं पुणं एकाच वेळी घरी परततं आणि शेवटचे 60 किलोमीटर जीव खातात.

तिकीट काढताना एक बघा. गोव्यात विमानतळ दोन आहेत. शिरोड्याला मोपा जवळ, 2023 च्या जानेवारीत सुरू झालेला, पेडणे तालुक्यातला. दाबोळी लांब पडतो, मांडवी-झुआरी दोन्ही ओलांडून यावं लागतं. स्वस्त मिळालं म्हणून दाबोळीचं काढाल आणि ते पैसे टॅक्सीत घालाल. तिकिटावर मोपाला जीओएक्स लिहितात, दाबोळीला जीओआय.

मोपाच्या बाहेर टॅक्सीसाठी उभं राहू नका. शिरोडा महाराष्ट्रात आहे, गोव्याची टॅक्सी हद्द ओलांडायचे जादा पैसे सांगते. ज्यांचं घर घेतलंय त्यांनाच फोन करा, त्यांच्या ओळखीतली एमएच-07 ची पिवळ्या पाटीची गाडी घ्यायला येईल. तोच माणूस नंतर रेडीच्या गणपतीला, वेंगुर्ल्याच्या बाजाराला नेईल. ‘तिथे गाडी हवीच’ हा मुद्दा त्यात निकालात निघतो. तसंही समुद्राजवळ घर असल्यावर साडेचार वर्षांच्या मुलीला वाळूशिवाय कुठे जायचं असतं?

पैशाचं सरळ सांगतो. गाडी स्वस्तच पडणार. जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं धरून हजार किलोमीटर, 15 चं ॲव्हरेज मिळालं तर 66-67 लिटर पेट्रोल, म्हणजे सात हजारांच्या आसपास, वर टोल. विमानाला तुमची तीन पूर्ण तिकिटं लागतील. दोन वर्षं पूर्ण झाली की मुलाला मोठ्यांसारखंच सीट घ्यावं लागतं. बाळ मांडीवर, त्याचे पैसे थोडे. दिवाळीच्या भावात फरक मोठा दिसेल. तो परवडत नसेल तर लाजू नका, गाडीने जा. पण पहाटेच.

सासूबाईंना सांगा, कान फुटत नाहीत, दडे बसतात. विमान खाली येताना हवेचा दाब बदलतो, गिळलं की कान मोकळा होतो. मोठी माणसं आवंढा गिळतात, बाळाला ते सांगून समजत नाही, म्हणून त्या वेळी त्याला अंगावर घ्यायचं किंवा बाटली द्यायची. सगळे चुकतात ते इथे : विमान चढताना दूध देतात, बाळ पोटभर पिऊन झोपतं आणि उतरताना किंचाळत उठतं. पुणे-गोवा विमान अर्ध्या तासाने खाली यायलाच लागतं. थोडी भूक शिल्लक ठेवा. बाळाला सर्दी झालेली असेल किंवा कान दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आता, गाडीने जायचं ठरलंच तर. गुरुवारी पहाटे 5 ला निघा, म्हणजे दाजींनी बुधवारी 9 ला झोपलं पाहिजे. बॅगा भरायच्या त्या तुम्ही आणि सासूबाई. बाळाला कार सीट घ्या, म्हणजे गाडीच्या सीटवर बांधायची लहान मुलांची वेगळी खुर्ची, तोंड मागे करून बसवायची. मांडीवर नको. आई कितीही घट्ट धरो, जोरात ब्रेक लागला की हात सुटतातच. नुसत्या मोठ्यांच्या पट्ट्यात मुलगीही नको, पट्टा तिच्या गळ्यावरून जातो. तिला तिच्या मापाची सीट. 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा सीट नसेल तर 1000 रुपये दंडाचा नियम 2019 च्या कायद्यात आलाय, पण दंडासाठी नाही सांगत मी.

उलटीचं म्हणाल, तर ती पोटाची नाही, कानाची भानगड. कानाच्या आतला तोल सांगतो गाडी वळतेय, आणि डोळे मोबाइलवर असतात, ते सांगतात काही हलत नाही. म्हणून घाटात मोबाइल बंद, पुस्तक बंद, समोरच्या काचेतून रस्ता दिसेल असं बसवायचं. कोल्हापूरला थांबलात तर तांबडा-पांढरा तुम्ही खा, तिला दहीभात किंवा पोळीचे दोन घास. आजऱ्याला गाडी थांबवून दहा मिनिटं उतरवा, मगच आंबोली. दाजींना सांगा, वळणावर ब्रेक नाही, वळणाआधी ब्रेक. निम्म्या उलट्या ड्रायव्हरच्या पायातून होतात. औषध द्यायचं तर मुलांच्या डॉक्टरांना विचारून.

आणि उलटी झालीच तर कपडे नंतर बदला, आधी पट्ट्याचं बकल पुसा. त्यात गेलेली उलटी तासाभरात सुकते, मग पट्टा टक् करून बसत नाही, अर्धवटच अडकतो. लोक म्हणतात बिघडलं, आणि पट्टा न लावता पोराला बसवतात. ओलं फडकं, कोमट पाण्याची बाटली आणि जुना टूथब्रश पुढच्या कप्प्यात ठेवा. आणि कपड्यांचा जादा जोड मुलीबरोबर तुमचाही घ्या, हे बायका स्वतःपुरतं नेमकं विसरतात.

प्रश्न : आमचा मुलगा प्रवासातच दोन वर्षांचा होतोय. जाताना दोन दिवस कमी, येताना तीन दिवस जास्त. सगळीकडे मांडीवर घेतलं तर चालेल ना? दिसतो लहानच.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जाताना चालेल, येताना त्याला सीटचं तिकीट लागेल. काउंटरवर जन्माचा दाखला बघतात, ‘दिसतो लहान’ बघत नाहीत. तिथे वाद घालून आयत्या वेळी तिकीट काढायला लागलं तर सुट्टीतला सगळ्यात महाग कागद तो ठरेल. आत्ताच तारीख सांगून दोन वेगळी तिकिटं काढा. मांडीवरच्या बाळाला विमानात तुमच्या पट्ट्यात अडकवायचा छोटा जादा पट्टा देतात, तो मागून घ्या. आणि येताना त्याला खिडकी द्या, पैसे भरलेत!

प्रश्न : नातवंडांना भेटायला पहिल्यांदाच विमानाने बंगळूरला चाललेय. फराळ न्यायचाय. काय काढून घेतात?
– एक आजी, सोलापूर

उत्तर : आजी, लाडू, चकल्या, शंकरपाळे खुशाल हातातल्या पिशवीत न्या. हातातली पिशवी साधारण 7 किलोची आणि आत टाकायची, म्हणजे काउंटरवर द्यायची बॅग 15 किलोची धरा, घरीच काट्यावर बघा. लोणचं आत टाकायच्या बॅगेत, बरणीला दोन पिशव्या. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र नेऊ नका. त्यात तेल असतं, पेट घेतात म्हणून विमानात चालत नाहीत. किसून, भाजून चिवड्यात घातलेलं खोबरं कोणी वेचून काढत नाही. नातवंडांना शेंगाची चटणी हवी असेल तर डब्यात भरून न्या, सोलापूरची आहे म्हटल्यावर तपासणीवालाच विचारेल कुठून घेतली.