वाचकांचे प्रश्न : लॅपटॉपची हार्डडिस्क घरीच बदलावी का?

प्रश्न : माझा जुना लॅपटॉप सुरू केला की आतून टकटक आवाज येतो आणि ‘बूट डिव्हाइस सापडले नाही’ असा संदेश दिसतो. हार्डडिस्क मी स्वतः बदलू शकेन का? आतले फोटो परत मिळतील का?

उत्तर : डिस्क नक्की बदलू शकाल, पण फोटो हवे असतील तर लॅपटॉप आता पुन्हा सुरू करून पाहू नका. फिरत्या तबकडीवरची जागा हेडला (डेटा वाचणाऱ्या टोकाला) सापडत नाही, तो मागे येतो, पुन्हा शोधतो. त्याचीच ही टकटक. हेड तबकडीला घासत असेल, तर दर वेळी डेटाचा थर खरवडला जातो आणि तो कुणालाच परत आणता येत नाही. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय तर मुळीच करू नका, आत दव धरतं. ती उघडूही नका. अशी डिस्क डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडेच द्यावी.

आता नवी डिस्क. फिरत्या डिस्कऐवजी एसएसडीच, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपवरची डिस्कच घ्या. जुना लॅपटॉप त्याने लक्षात येण्याइतका चपळ होतो. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा 2.5 इंची साटा (डिस्क जोडण्याचा एक प्रकार) डिस्क असते. तिची जाडी मोजा : जुनी 9.5 मिमी आणि नवी 7 मिमी असेल, तर 2.5 मिमीची प्लॅस्टिकची चौकट लावावी लागते, नाहीतर डिस्क जागेवर हलते. एम.2 खाच (पातळ पट्टीसारख्या एसएसडीची) असेल, तर ती साटाची आहे की एनव्हीएमई या दुसऱ्या, वेगवान जोडणीची, हे मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत पाहिल्याशिवाय खरेदी करू नका.

चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा. मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. तळाच्या स्क्रूंना बहुधा पीएच-0 (लहान चौफुली टोकाचा) स्क्रूड्रायव्हर लागतो. कागदावर लॅपटॉपच्या तळाची आकृती काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावत जा. यात आळस केला तर महागात पडतो, कारण स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की तो वरच्या बाजूला टेंगूळ आणतो किंवा आतल्या बोर्डात घुसतो. सगळे काढूनही झाकण उचलत नसेल, तर जोर लावू नका. एखादा स्क्रू रबरी पायाखाली लपलेला असतो. कडेने प्लॅस्टिकचं जुनं कार्ड फिरवलं की खटके सुटतात. झाकण उघडल्यावर बॅटरी आतच बसवलेली दिसली, तर सर्वांत आधी तिचा कनेक्टर काढा.

डिस्क कनेक्टरपासून सरळ मागे ओढा, वर उचलू नका. धातूची चौकट जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर चढवा. काही मॉडेलमध्ये डिस्क पातळ रिबन केबलने जोडलेली असते. नवी डिस्क बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये) दिसली नाही, तर आधी या केबलकडे पाहा. घडीवर चिमटलेली केबल डिस्क बिघडल्यासारखीच लक्षणं दाखवते. फक्त टकटक नसते.

विंडोजसाठी दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल चालवून किमान 8 जीबीचा, रिकामा करता येईल असा पेनड्राइव्ह तयार करा. डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, म्हणून प्रॉडक्ट की नसली तरी चालतं; मात्र आधी विंडोजची होम आवृत्ती होती तर होमच निवडा.

प्रश्न : माझी जुनी डिस्क आवाज करत नाही, फक्त फार मंद झाली आहे. यूएसबी केसमध्ये घालून जोडली, तर विंडोज ‘फॉरमॅट करायची का?’ असं विचारते. काय करू?

उत्तर : ‘नाही’ म्हणा. ‘इनिशियलाइझ’ (डिस्क नव्याने तयार करायची का) असं विचारलं तरी नाहीच. चेकडिस्क हा विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्रामही चालवू नका, दुरुस्ती करताना तो त्याच डिस्कवर बदल लिहितो. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून संगणक थेट सुरू होतो) डीडीरेस्क्यू या डिस्कची प्रत घेणाऱ्या प्रोग्रामने तिची संपूर्ण प्रत तितक्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्या. हा प्रोग्राम चांगला भाग आधी उतरवून घेतो आणि अडलेल्या जागांकडे शेवटी वळतो. लॉग फाइलचं नाव दिलं, तर मध्येच थांबलेलं काम तिथूनच पुढे सुरू होतं. फाइल शोधायच्या त्या प्रतीत. आदेशात मूळ डिस्क आधी आणि नवी नंतर येते. एंटर दाबण्यापूर्वी दोन्हींचे आकार ताडून पाहा, कारण क्रम उलटला तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते.