वाचक विचारतात : कॉकपिटमधली चाळिशी

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, मी नाशिकचा, गंगापूर रोडला घर आहे, वय ४६, फ्लाईंग इन्स्ट्रक्टर आहे, आठवडाभर धुळ्याला असतो. लांबचा थोडा नंबर आधीपासून होताच, आता चाळिशी पण लागली म्हणून पहिल्यांदाच प्रोग्रेसिव्ह केला, म्हणजे एकाच काचेत लांबचा, मधला, जवळचा असे सगळे नंबर. गोदाघाटाच्या पायऱ्या उतरताना पाय कुठे पडतोय तेच कळत नाही, मान वळवली की बाजूचं सगळं हलल्यासारखं वाटतं. सेस्नामध्ये (आमचं शिकवायचं छोटं विमान) उजव्या सीटवरून स्टुडंटसमोरचा अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं घड्याळ, बघायला गेलो तर तो पण पुसट. ऑप्टिशियन म्हणतो होईल सवय, बायको म्हणते सरळ बायफोकल करा, बाबांना आयुष्यभर तोच चालला. काय करू?

उत्तर : सवय होते हो, बहुतेकांना दोनेक आठवड्यांत होते, पण चष्मा मुळात तुमच्या अंतरांना बनलेलाच नसेल तर नुसती सवय होऊन काय करायचं. दुकानात वाचायचं कार्ड साधारण ३५-४० सेंमीवर धरायला लावतात आणि तुमचं पॅनल, म्हणजे समोरची घड्याळांची पाटी, असते ७० सेंमीच्या आसपास. तर पहिलं काम हे करा, विमान उभं असताना तुमच्या नेहमीच्या सीटवर, सीट नेहमी ठेवता तशीच ठेवून बसा, घरातली शिवणकामाची टेप घ्या आणि कोणाला तरी डोळ्यापासून पॅनलपर्यंत, मांडीवरच्या चार्टपर्यंत, आणि खाली दोन सीटच्या मध्ये असलेल्या फ्युएल सिलेक्टरपर्यंत (इंधनाची टाकी निवडायची मूठ) मोजायला सांगा. हे आकडे घेऊन परत जा आणि नंबर त्यावर काढून मागा. तो सिलेक्टर विसरू नका, कारण खाली बघताना नजर जाते काचेच्या खालच्या भागातून, तो भाग जवळच्या वाचनाचा, आणि सिलेक्टर त्यापेक्षा लांब. पायऱ्यांचंही तेच चाललंय, तिथे नुसती नजर खाली टाकू नका, हनुवटी खाली घ्या.

आता अल्टिमीटर. खरी गंमत तुमच्या उजव्या सीटमध्ये आहे. प्रोग्रेसिव्हमध्ये मधल्या अंतराचं स्वच्छ दिसतं ते एका अरुंद पट्टीतून, पट्टीच्या दोन्ही बाजूंना काच वाकडं दाखवतेच, कितीही महाग घ्या, महागात पट्टी रुंद मिळते एवढंच. डावीकडे बसणाऱ्याचा अल्टिमीटर समोर येतो, तुमचा तिरका येतो आणि तुम्ही इतकी वर्षं नुसते डोळे फिरवून बघत आलात. आता सगळा चेहराच तिकडे वळवायचा. पण हळू! ढगात किंवा वळणावर असताना मान झटक्यात खाली-बाजूला नेली तर कानातला तोल फसतो, हे तुम्हाला मी काय सांगणार, तुम्हीच पोरांना शिकवता.

लँडिंगला उलट काळजी. फ्लेअरमध्ये, म्हणजे टेकायच्या आधी विमानाचं नाक वर घेताना, रनवेचं लांबचं टोक काचेच्या वरच्या भागातूनच दिसायला हवं, पॅनल वाचायच्या नादात हनुवटी वर राहिली तर रनवे मधल्या पट्टीतून दिसतो आणि उंचीचा अंदाज चुकू शकतो. म्हणून आधी घरात, मग दिवसा गाडी चालवताना घाला, मग उभ्या विमानात बसून चेकलिस्ट वाचा, आणि हवेत पहिले काही सर्किट (उडून रनवेभोवती फेरा मारून परत उतरायचं) स्टुडंट सोबत न घेता दुसऱ्या इन्स्ट्रक्टरला घेऊन मारा. रात्रीचं सगळ्यात शेवटी, कारण अंधारात बाहुली मोठी होते आणि जवळचं आणखी पुसट होतं, त्यात लाल दिवा असेल तर अजूनच.

वहिनींच्या बायफोकलला मी नाही म्हणत नाही. त्यात बाजूचं हलत नाही, वरची काच या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ. रेष मात्र अशी बसवून घ्या की पॅनलच्या वरच्या कडेपाशी येईल, म्हणजे वरून बाहेरचं आणि खालून आतलं. तुमच्या वयात डोळ्यात फोकस करायची ताकद थोडी शिल्लक असते म्हणून पॅनलही निभेल, पन्नाशीनंतर मधलं अंतर पुसट व्हायला लागतं. माझं मत विचाराल तर आधी आत्ताच्याच चष्म्याचं फिटिंग तपासा, नाकापासून प्रत्येक बाहुलीचं अंतर वेगवेगळं मोजलंय का, फ्रेम फार बुटकी नाही ना. तीन आठवड्यांनीही डुलत असेल तर बायफोकल. काड्या पातळ आणि सरळ घ्या, नाहीतर हेडसेटच्या गादीत फट पडते आणि आवाज आत येतो.

आणि पायलटच्या मेडिकल तपासणीला हे सांगायचं, लपवायचं नाही. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) ॲनेक्स १ या नियमावलीप्रमाणे क्लास १ मेडिकलला (व्यावसायिक पायलटची तपासणी) लांबचं प्रत्येक डोळ्याने ६/९ आणि दोन्हींनी मिळून ६/६ लागतं, जवळचं ३० ते ५० सेंमीमध्ये एन५ आणि १०० सेंमीवर एन१४ (हे कार्डावरच्या अक्षरांचे आकार, आकडा लहान तितकं अक्षर बारीक), आणि हे सगळं एकाच चष्म्यात भागायला हवं. जादाचा चष्मा हाताशी ठेवावा लागतो, तो डिकीत ठेवलेल्या बॅगेत नको.

प्रश्न : मी ट्रेनी पायलट, नाशिकरोडला राहते. ऊन फार लागतं म्हणून पोलराईज्ड गॉगल घेतला तर चालेल का? की उन्हात आपोआप काळा होणारा घेऊ?

उत्तर : दोन्ही नको. पोलराईज्डमधून काही स्क्रीन एका कोनात काळ्या पडतात, विंडशील्डवर रंगीत पट्टे दिसू शकतात, आणि दुसऱ्या विमानाची जी चमक तुम्हाला दिसायला हवी नेमकी तीच तो मारतो. आपोआप काळा होणारा अतिनील किरणांवर चालतो, विंडशील्ड त्यातले बरेच अडवते म्हणून कॉकपिटमध्ये तो धड काळा होत नाही, आणि झालाच तर ढगात शिरल्यावर लवकर उतरत नाही. साधा राखाडी टिंट घ्या, फार गडद नको.