आईच्या घोट्याचं फ्युजन करावं का? टाच आणि अंगठा पण सोबतच उरकून घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की आई बासष्टच्या, देवगडकडे गावी एकट्या असतात, सकाळी उठल्यावर टाच ठणकते, अंगठा बाजूला वळलाय आणि जुन्या फ्रॅक्चरचा घोटा आता रोज सुजतो, डॉक्टर फ्युजन म्हणालेत, म्हणजे घोट्याची हाडं एकमेकांना कायमची जोडून टाकणं. मी कुडाळकडे फिजिओ आहे, सर्जन नाही, पण ऑपरेशन झालेले पाय नंतर माझ्याकडेच येतात, त्या अनुभवावरून सांगते.

टाच या यादीतून आधी काढा. एक्सरेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं की सगळे घाबरतात, पण तसं हाड कधीच टाच न दुखलेल्या माणसांच्या एक्सरेत पण असतं. दुखतो तो तळपायाचा जाड पट्टा, प्लांटर फॅशिया. पोटरीचं स्ट्रेचिंग रोज, घरात पण मऊ चप्पल, लादीवर अनवाणी फिरणं बंद, एवढ्यावर बहुतेकांचं वर्षभरात जातं. 6 ते 12 महिने हे नीट करून पण काहीच फरक नसेल तरच पट्टा थोडा कापून सैल करणं किंवा पोटरीचा स्नायू लांबवणं हा विषय येतो.

अंगठ्याचं, म्हणजे अंगठा वळून बाजूला जो उंचवटा येतो (डॉक्टर त्याला बनियन म्हणतात) त्याचं, दुखत नसेल तर हात लावू नका. नुसतं वाकडं दिसतं म्हणून कोणी ऑपरेशन करत असेल तर मी तरी नाही म्हणेन. त्यात हाड कापून सरळ करून स्क्रू घालतात, साधारण 6 आठवडे खास बूट, सूज तर कित्येक महिने रेंगाळते, आणि काहींचा अंगठा परत वळतो. रुंद पंजाची चप्पल घ्या आधी.

आता घोटा. गुडघ्याची झीज वयाने होते तशी घोट्याची सहसा होत नाही, बहुतेक वेळा जुनं फ्रॅक्चर किंवा मुरगळणं कारण असतं, म्हणजे आईंचं तेच. आधी उभं राहून काढलेला एक्सरे आहे का बघा, झोपवून काढलेल्यात सांध्यातली फट खरी कळत नाही. घोट्याचा पट्टा, खाली गोलसर सोलचा बूट, एखादं इंजेक्शन हे झालंय का? झालं असेल आणि तरी रात्री दुखत असेल तर मग दोन रस्ते. फ्युजनमध्ये उरलेला कार्टिलेज, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, खरवडून हाडं स्क्रूने जोडून टाकतात, घोटा वर-खाली होत नाही पण दुखणं जातं, सपाटीवर चाल बऱ्यापैकी नीट येते, उतार आणि उकिडवं बसणं मात्र जड जातं, आणि पुढे काही वर्षांनी शेजारच्या सांध्यांवर ताण येऊ शकतो. दुसरा रस्ता सांधा बदलणं, त्यात हालचाल राहते पण इम्प्लांट सैल झाला तर परत ऑपरेशन, शिवाय शेतीचं जड काम, तळव्याला बधिरपणा किंवा वाढलेली शुगर असेल तर शक्यतो देत नाहीत.

पण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे, फ्युजननंतर साधारण 6 ते 8 आठवडे पायावर अजिबात वजन टाकायचं नाही, ते दिवस आई कुठे काढणार? पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरून रस्त्याला यायचं, जांभ्याच्या पायऱ्यांवर पावसात शेवाळ, संडास मागच्या अंगणात, तिथे वॉकर काय कामाचा! गावीच राहायचं असेल तर दिवाळीनंतरची तारीख घ्या म्हणजे पेरणीच्या आत पाय टेकलेला असेल, नाहीतर सरळ तुमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटवर न्या, लिफ्ट आहे ना?

आणि एक विचारा जे बायका डॉक्टरला सांगत नाहीत, आई मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावतात का. इकडे खूपजणी लावतात, आणि "तंबाखू खाता का" म्हटलं की "छे" म्हणतात कारण मिश्री त्यात धरतच नाहीत. निकोटिनने हाड जुळायला उशीर होतो, कधी जुळतच नाही, आणि फ्युजन म्हणजे सगळा खेळ हाड जुळण्याचाच. निदान महिना-दीड महिना आधीपासून बंद, शुगरचं एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, पण करून घ्या.

प्लास्टरमध्ये असताना पोटरी अचानक सुजली, दुखली किंवा दम लागला तर वाट बघत बसू नका, लगेच हॉस्पिटल, रक्ताची गाठ असू शकते. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या योजनेच्या माणसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, ॲडमिट व्हायच्या आधीच विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या.