इंग्रजी बोलताना : ‘ट्रेंडी’ नेमकं कशाला म्हणावं?

प्रश्न : ठाण्यात राम मारुती रोडजवळ माझं ब्लाउज शिवण्याचं दुकान आहे. फोटोखाली ‘ट्रेंडी पैठणी’ लिहिलं, तर गिऱ्हाईक असलेल्या एका ताईंनी टोकलं. काय चुकलं?

उत्तर : व्याकरण बरोबर आहे, पण ताईंचं म्हणणं मला पटतं. ‘ट्रेंडी’ म्हणजे या घडीला ज्याची चलती आहे ते. पुढच्या वर्षी ती असेल-नसेल, हेही त्यात आलंच. आईची पैठणी लेक नेसते, तिला हे विशेषण तोकडं पडतं. ट्रेंडी आहे तो तुम्ही शिवलेला ब्लाउज: बोट नेक, फुग्याची बाही, पाठीवर नाडीला गोंडे. तेव्हा लिहा, ‘अ क्लासिक पैठणी विथ अ ट्रेंडी ब्लाउज’.

दिवाळी पहाटेला तुमच्याच रस्त्यावर तरुणाई नटूनथटून लोटते, तेव्हा बाकीचे दोन शब्दही लावून बघा. चारचौघांत रुळलेला, सगळ्यांना पसंत पडलेला पेहराव ‘फॅशनेबल’. आणि एखादी आजीची नऊवारी स्वतःला शोभेल अशा थाटात नेसून आली, तर ती ‘स्टायलिश’. तिथे चालू काळाचा प्रश्नच नाही, निवड तिची आहे. माणसाचं मनापासून कौतुक करायचं असेल तर मी हाच शब्द वापरते.

प्रश्न : ‘ती फार फॅशन करते’ याचं मी ‘शी डझ टू मच फॅशन’ असं केलं. मैत्रिणी हसल्या. (नेरुळ)

उत्तर : हसू द्या, ही चूक फार जणांची होते. मराठीत फॅशन ‘करतात’, इंग्रजीत तसं क्रियापद जुळत नाही. ‘शी इज व्हेरी फॅशनेबल’ म्हणा. मात्र मराठी वाक्यात जो नाक मुरडण्याचा सूर आहे, तो इथे उरत नाही. हे कौतुकच ठरतं.

प्रश्न : ‘मोर ट्रेंडी’ की ‘ट्रेंडियर’?

उत्तर : ‘ट्रेंडियर’, ‘ट्रेंडिएस्ट’. ‘हॅपी’चं ‘हॅपियर’ होतं तसंच. स्पेलिंगमधला वाय जाऊन आय येतो. ‘मोर ट्रेंडी’ही कानावर पडतं, चालतं. ‘मोर ट्रेंडियर’ मात्र कधीच नको. ‘फॅशनेबल’ला नेहमी ‘मोर’.

प्रश्न : बेलापूरला नोकरी करतो. साहेबांच्या योजनेला मेलमध्ये ‘अ ट्रेंडी आयडिया’ म्हटलं, ते त्यांना खटकलं.

उत्तर : खटकणारच. हा शब्द 1960च्या दशकात ब्रिटनमध्ये रुळला आणि आजही तो अनौपचारिकच आहे. कॅफे, चष्मा, केसांचा कट यांना लावला तर स्तुती होते. विचारांना लावला की ‘लोक करतात म्हणून केलं, खोली नाही’ असा अर्थ निघू शकतो. ‘अ फ्रेश आयडिया’ लिहा.

प्रश्न : ‘ट्रेंडिंग’ आणि ‘ट्रेंडी’ एकच का?

उत्तर : नाही. ज्याची सध्या सोशल मीडियावर जोरात चर्चा आहे ते ‘ट्रेंडिंग’, मग ती पुराची बातमी का असेना. पुराला ‘ट्रेंडी’ म्हणता येणार नाही.