डोळे मिटायला लावू नका, आणि गोरेवाडा सध्या राहू द्या

ताई, तुमची पोस्ट वाचली. नागपुरात पारडीकडच्या वस्तीतली 14 ते 18 वयाची पोरं-पोरी, निम्म्यांची शाळा सुटलेली, ध्यानाला बसवलं की पाच मिनिटांत खिदळणं सुरू. आता त्यांना ध्यानासाठी गोरेवाड्याच्या जंगलात न्यायचंय, तर परवानगीचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय. आमचंही अगदी असंच झालं होतं, म्हणून जरा लांबलचक लिहितो. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, वस्तीत पोरांसोबत काम करणारा कार्यकर्ता आहे. तेवढं धरूनच वाचा.

पालकांची संमती, पाणी, टोप्या, सोबत एखादी महिला कार्यकर्ती हे तुम्ही बघत असालच. त्यावर वेळ घालवत नाही.

गोरेवाड्याशी माझं भांडण नाही, जागा सुंदर आहे. पण तिकडं जायचं म्हणजे गाडी, गाडी म्हणजे खर्च, खर्च म्हणजे देणगीदार, आणि देणगीदार आला की मागोमाग बॅनर येतो. आम्ही दुसऱ्या एका जागेसाठी एका कार्यालयात अर्ज दिला होता. पळस फुलायच्या आधी दिला. साहेब दौऱ्यावर, जावक क्रमांक नाही, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत स्वसाक्षांकित नाही, नवीन बाबू आलेत त्यांना फाईल समजू द्या. परवानगी हातात पडली तेव्हा पळस केव्हाच झडला होता आणि नागपूरचं ऊन सकाळी नऊलाच चटके देत होतं. वर अटी: किमान 50 मुलं हवीत, प्रमुख पाहुणे कार्यालय ठरवणार, आणि मुलं डोळे मिटून बसल्याचा फोटो अहवालाला जोडायचा.

आमची पोरं इनमिन पंधरा. संख्या भरायला दुसरीकडून मुलं आणून बसवली. रांगेत, उन्हात. पाहुण्यांनी वस्तीतल्या व्यसनांवर भाषण ठोकलं, तेही त्याच पोरांसमोर. मागून एक जण हळूच म्हणाला, "भाऊ, आमाले शिव्या द्यायलेच आणलं काय?" मग डोळे मिटा, फोटो. तो फोटो कार्यालयातून कुणीतरी पुढं पाठवला आणि 'भरकटलेली मुले ध्यानात दंग' अशा ओळीखाली छापून आला. त्यात एक मुलगा होता, ज्याचं प्रकरण बाल न्याय मंडळासमोर चालू होतं. नुकताच गॅरेजवर लागला होता. मालकानं फोटो बघितला आणि दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणाला. तो मुलगा आमच्याकडं परत फिरकला नाही, त्याचे दोस्तही नाहीत. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नुसार अशा मुलाची ओळख उघड करता येत नाही, फोटोही त्यातच आला. त्या कार्यालयाला हे विचारलं तर उत्तर मिळालं, "आम्ही तर चांगल्या कामाची प्रसिद्धी केली." अजून डोकं फिरतं. असो.

आता खिदळण्याबद्दल. ज्या पोराला घरी मार बसतो, किंवा रस्त्यावर कोण कधी कॉलर धरेल याचा नेम नसतो, त्याला दहा जणांत डोळे मिटून बस म्हणणं म्हणजे पाठ उघडी टाकून बस म्हणण्यासारखं आहे. तो हसून सुटका करून घेतो. माझं मत विचाराल तर डोळे उघडेच राहू द्या आणि त्यांना काम द्या.

आम्हाला काम मिळालं भांडेवाडीच्या बाजूला, डम्पिंग यार्डावरच्या घारींमुळं. वास येतो, मान्य. पण पोरं रोज तिथूनच जातात. हिवाळ्यात ऊन जरा तापलं की गरम हवा वर चढते आणि घारी पंख न हलवता तिच्यावर गोल गोल वर जातात. प्रत्येकानं एक घार धरायची. तिनं पंख मारणं थांबवलं की आपले श्वास मोजायला लागायचं, पंख हलला की मोजणं बंद. पहिल्याच वेळी वाद पेटला: शेपूट तिरकी करून वळते ते हलवण्यात धरायचं का? घार शेपटीचा सुकाणूसारखा वापर करते, हे मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच हेरलं. त्या वादात कुणाला बराच वेळ मोबाईल आठवला नाही. हे ध्यान आहे का, यावर आमच्या एका संस्थावाल्या मित्राशी वाजलं. माझ्या मते आहे.

फायदा असा की पोरगा हे माझ्याशिवाय, तिकिटाशिवाय, घरी भांडण झालं त्या संध्याकाळी एकटाही करू शकतो. संध्याकाळी घारी नसतील तर नाल्याकाठचं करंजाचं झाड धरायचं. जागा ठरलेली हवी, तीच ती. ब्रिटनमध्ये 85 शाळांत मायरियड नावाचा मोठा अभ्यास झाला. 2022 मध्ये निष्कर्ष आले: अख्ख्या वर्गाला सरसकट माइंडफुलनेस (सजगतेचं ध्यान) शिकवून नेहमीच्या शिकवणीपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही, आणि बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. वस्तीतल्या पोरांचा तो अभ्यास नाही, हे खरं. तरी सहलीवर पैसे उधळण्याआधी तेवढं लक्षात घ्या.

काही मुलांच्या घरी बुद्ध विहारामुळं आनापानाची, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवायच्या ध्यानाची, ओळख असते. त्यांना आवड असेल तर विपश्यना केंद्रांत मुलांची छोटी शिबिरं होतात, पैसे घेत नाहीत. पण ज्याला स्वतःहून जायचंय त्यालाच पाठवा.

आणि शांत बसल्यावर काही पोरं एकदम भडाभडा बोलतात. अत्याचाराचं काही निघालं तर घार-बीर बाजूला ठेवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे, 1098 ही मुलांची हेल्पलाइन लावा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहेच, पण मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार ओपीडीत स्वतः सोबत जा, नुसती चिठ्ठी देऊन पाठवू नका.

खाणं आधी द्या, नंतर नाही. उपाशी पोरगा पोह्यांकडंच बघत बसतो.

तरीही गोरेवाड्याला जायचंच असेल तर अर्जाचा माझा नमुना पाठवतो, मेसेज करा. त्यात मुलांचा एकही फोटो काढला किंवा दिला जाणार नाही असं एक वाक्य आहे. बाबू ते खोडायला सांगतील. खोडू नका, आणि अर्जाच्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.