घराच्या एजंटबद्दल वाईट रिव्ह्यू लिहिला तर अंगाशी येतं का?

तुम्ही विचारलंय की एजंटने खोटं बोलून घर गळ्यात मारलं, आता त्याचं नाव घालून ऑनलाइन लिहिलं तर काही अंगाशी येईल का. येऊ शकतं. सगळ्यांना भीती वाटते ती कोर्टाची. माझ्या अंगाशी आलं ते मात्र कोर्टाबिर्टाच्या कितीतरी आधी.

मी भाड्याचं घर सोडत होतो. घर दाखवताना एजंटने पार्किंग आहे म्हणून सांगितलं होतं. राहायला गेल्यावर कळलं, ती जागा दुसऱ्याच कुणाची. धुसफुसत दिवस काढले आणि घर सोडायच्या आठवड्यात, रात्री अकरा वाजता, मोबाइलवर लिहून टाकलं: ‘एक नंबरचा लबाड माणूस. मालकाशी साटंलोटं करून लोकांना फसवतो. सावध राहा.’ एक स्टार. खरं नाव, खरा फोटो. त्या रात्री झोप छान लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन. आवाज अगदी मऊ. “सर, वाचलं तुमचं. काही नाही, सहज केला फोन. डिपॉझिटचं मालक मलाच विचारतायत. भिंतींचं काय, रंगाचं काय. काय सांगू त्यांना?”

धमकी म्हणावी असा एक शब्द नाही. पण फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. डिपॉझिट अजून मालकाकडे, मधला माणूस हाच, चावी याच्याकडेच द्यायची. टपाल पुढे पाठवायला नव्या घराचा पत्ताही मीच त्याला दिलेला. त्याच्या फोनमध्ये माझं ओळखपत्र, पगाराची स्लिप, बायकोचा नंबर. मी निमूटपणे रिव्ह्यू काढला. काढताना जी चीड आली तिला तोड नव्हती.

हॉटेलच्या जेवणाला नावं ठेवलीत तर हॉटेलवाल्याला तुमचं घर ठाऊक नसतं. एजंटला ठाऊक असतं, ते घर त्यानेच दाखवलेलं असतं. तुमचं कर्ज का अडलं, घर विकायची घाई कशाला होती, नवरा-बायकोत कोण नाही म्हणत होतं, हे सगळं त्याच्या कानावर गेलेलं असतं. तुमच्या रिव्ह्यूखाली उत्तर लिहायची सोय त्यालाही असते. चिडलेला माणूस तिथे काय काय उघड करेल ते सांगता येत नाही. टोपणनावाचा आडोसाही तकलादू. त्याचे व्यवहार मोजकेच असतात. ‘पार्किंग’ आणि ‘डिपॉझिट’ हे दोन शब्द वाचले की तुम्ही कोण ते त्याला लगेच कळतं.

म्हणून व्यवहार पूर्ण होईपर्यंत एक अक्षर लिहू नका. डिपॉझिट खात्यात, कागद हातात, चावी दिल्याची पोच मिळालेली, मगच. मधल्या काळात त्याने काय कबूल केलं होतं ते मेसेजवर त्याच्याकडूनच लिहून घ्या. फोनवरचं बोलणं हवेत विरतं.

दुसरा घोळ शब्दांचा. माझा तो पहिला रिव्ह्यू पुन्हा वाचा. त्यात पार्किंगचा उल्लेखच नाही! जे घडलं ते गाळून मी फक्त निकाल जाहीर केला होता. ‘साटंलोटं’ हा तर थेट कटाचा आरोप, आणि त्याचा माझ्याकडे कपटाही नव्हता. उद्या नोटीस आली असती तर सिद्ध काय करणार होतो?

कायदा देशागणिक वेगळा आहे, पण सगळीकडे प्रश्न साधारण हाच येतो. इंग्लंड-वेल्समध्ये २०१३ च्या मानहानी कायद्यानुसार ‘हे माझं प्रामाणिक मत आहे’ असा बचाव घेता येतो, पण ते मत कशावर आधारलंय हे लिखाणातून निदान ढोबळ तरी दिसावं लागतं. भारतात मानहानीचा दिवाणी दावा होतोच, शिवाय तो फौजदारी गुन्हाही आहे. पूर्वी दंडविधानाचं कलम ४९९-५०० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. एक बारीक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. फौजदारीत ‘खरं आहे’ एवढ्यावर भागत नाही, ते सांगण्यात लोकहित होतं हेही दाखवावं लागतं. लोकांना सावध करण्यासाठी सद्भावनेने लिहिलेल्याला कलमात अपवाद आहे, पण पुराव्यावाचून ‘चोर’ म्हणणाऱ्याला सद्भावना सिद्ध करणं जड जातं.

वेबसाइट आपल्या पाठीशी उभी राहील या भ्रमात राहू नका. कॅलिफोर्नियात येल्प या रिव्ह्यूंच्या वेबसाइटवरच्या एका रिव्ह्यूवरून एका वकीलबाईंनी दावा लावला होता. लिहिणारी व्यक्ती कोर्टात हजरच झाली नाही आणि एकतर्फी निकालात तिच्यावर ५ लाख डॉलरहून जास्त रकमेचा बोजा पडला. २०१८ मध्ये तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने येल्पला तो रिव्ह्यू काढून टाकायला भाग पाडता येणार नाही असं ठरवलं. म्हणजे येल्प सुटलं, लिहिणारी अडकली. तेव्हा नोटीस आली तर ती ड्रॉवरमध्ये टाकू नका आणि त्या एजंटला भावनेच्या भरात फोनही करू नका. वकिलाला दाखवा. पुष्कळ नोटिसा नुसत्या दबावासाठी असतात, पण तुमची त्यातली आहे की नाही हे तुम्ही स्वतः ठरवू नये.

करारही एकदा चाळा. ‘सेवेबद्दल जाहीर टीका करणार नाही’ असं कलम कधी कधी आत दडलेलं असतं. अमेरिकेत २०१६ च्या कायद्याने छापील, वाटाघाटीविना पुढे केलेल्या करारातली अशी कलमं निरर्थक ठरवली आहेत. तुमच्याकडे तसं आहे का ते वकिलालाच विचारा. त्याचा खाजगी नंबर, घरचा पत्ता, कुटुंबाचा फोटो टाकायचा नाही, हे सांगायला नकोच. आणि दोष नक्की कुणाचा तेही तपासा. पार्किंगचं खोटं एजंटचं की मालकाने त्यालाच गंडवलं होतं? मला ते आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. ‘साटंलोटं’ लिहिलं तेव्हा मात्र खात्री होती!

डिपॉझिट हातात आल्यावर मी पुन्हा लिहिलं. या वेळी सकाळी, चहा पिऊन, जुने मेसेज समोर ठेवून: ‘घर दाखवताना पार्किंग आहे असं मला सांगण्यात आलं. करारात त्याचा उल्लेख नव्हता, तो मीही तपासला नाही. राहायला गेल्यावर जागा दुसऱ्याची असल्याचं कळलं. तीन मेसेज केले, उत्तर आलं नाही. घर दाखवण्याच्या वेळा त्यांनी नीट पाळल्या. मी पुन्हा यांच्याकडे जाणार नाही.’ दोन स्टार. माझ्या मते हा पहिल्यापेक्षा जास्त लागला असणार, कारण खोडून काढायला त्यात काही सापडत नाही.

या वेळी फोन आला नाही. रिव्ह्यूखाली उत्तर आलं, ते अजून तिथे आहे: ‘गैरसमज झाला, क्षमस्व.’ कुणाचा झाला ते लिहिलेलं नाही.