अमेरिकेत शेवटचा शब्द कोणाचा: राष्ट्राध्यक्ष, काँग्रेस की सर्वोच्च न्यायालय? राष्ट्राध्यक्षाचा निर्णय काँग्रेस मतदान करून रद्द करू शकते का?

‘मतदान करून’ हे दोन शब्द तुम्ही सहज लिहून गेलात, पण खरी मेख तिथेच आहे. काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद, तिची सभागृहं दोन: प्रतिनिधिगृह आणि सिनेट. मतदान एका सभागृहात झालं की दोन्ही? साध्या बहुमताने की दोन तृतीयांश? आणि मंजूर झालेला कागद पुढे राष्ट्राध्यक्षाच्या सहीसाठी गेला की नाही? या तीन प्रश्नांची उत्तरं हातात नसतील तर ‘काँग्रेसने रद्द केलं’ या बातमीला अर्थ नाही.

या प्रश्नावर सहसा दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक, ‘शेवटी न्यायालयच सर्वोच्च’. दुसरं, ‘व्हाइट हाऊसमध्ये बसेल त्याचंच चालतं’. दोन्ही मला पटत नाहीत. त्याहून जास्त खटकतं ते हे, की कार्यपद्धतीचा विषय काढला की समोरचा ‘हा तांत्रिक मुद्दा झाला’ म्हणून तो उडवून लावतो. अमेरिकेच्या राज्यघटनेत ज्याला लोक तांत्रिक म्हणतात तोच गाभा आहे. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी जगदीश राय चड्ढा यांचं प्रकरण नीट वाचावं.

चड्ढांचा जन्म केनियातला, आईवडील भारतीय, पासपोर्ट ब्रिटनचा. 1966 मध्ये ते विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत आले. व्हिसाची मुदत 30 जून 1972 ला संपली आणि पुढच्या वर्षी इमिग्रेशन खात्याने त्यांना नोटीस काढली. मुदत संपल्याचं त्यांनी नाकारलं नाही. हद्दपारी स्थगित करावी असा अर्ज केला. 1952 च्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम 244 मध्ये तशी सोय होती: किमान सात वर्षं सलग वास्तव्य, चांगली वर्तणूक, आणि हाकलून दिल्यास टोकाचा त्रास होईल हे सिद्ध करणं. 25 जून 1974 ला इमिग्रेशन न्यायाधीशाने अर्ज मंजूर केला. हा न्यायाधीश न्याय खात्यातला, म्हणजे कार्यकारी शाखेचा. थोडक्यात, निर्णय राष्ट्राध्यक्षाच्या बाजूकडून झाला होता.

पण त्याच कलमात आणखी एक तरतूद होती. अशा प्रत्येक स्थगितीचा अहवाल काँग्रेसकडे जायचा आणि दोनपैकी कोणतंही एक सभागृह नुसत्या ठरावाने ती रद्द करू शकायचं. चड्ढांच्या बाबतीत ही मुदत अधिवेशनाबरोबर 19 डिसेंबर 1975 ला संपणार होती. दीड वर्ष काहीच झालं नाही. 12 डिसेंबरला प्रतिनिधिगृहाच्या इमिग्रेशन उपसमितीचे अध्यक्ष जोशुआ आइलबर्ग यांनी ठराव मांडला: 340 प्रकरणांपैकी सहा जण कायद्याच्या अटींत बसत नाहीत, विशेषतः त्रासाच्या अटीत, म्हणून त्यांना कायम वास्तव्य देऊ नये. सहांत चड्ढा होते. 16 डिसेंबरला ठराव सभागृहापुढे आला. तो छापलेला नव्हता, सदस्यांना आधी वाटलेला नव्हता. चर्चा झाली नाही, कोणी कसं मत दिलं याची नोंद झाली नाही. ठराव मंजूर. तो सिनेटकडे गेला नाही आणि राष्ट्राध्यक्षाकडेही गेला नाही, कारण कायद्याप्रमाणे तशी गरजच नव्हती.

चड्ढा न्यायालयात गेले. इमिग्रेशन खात्याने आणि न्याय खात्याने त्यांचा घटनात्मक मुद्दा मान्य केला, त्यामुळे या तरतुदीचा बचाव करायला प्रतिनिधिगृह आणि सिनेट यांना स्वतःचे वकील घेऊन प्रकरणात उतरावं लागलं. 1980 मध्ये अपील न्यायालयाने चड्ढांच्या बाजूने निकाल दिला (तो लिहिणारे अँथनी केनेडी पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले). सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये दोनदा युक्तिवाद ऐकला आणि 23 जून 1983 ला सात विरुद्ध दोन मतांनी ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. उरलेलं कलम शाबूत ठेवलं, म्हणून चड्ढांची स्थगिती टिकली.

सरन्यायाधीश बर्गर यांनी लावलेली कसोटी साधी आहे. ठरावामुळे काँग्रेसबाहेरच्या कोणाचे कायदेशीर हक्क, कर्तव्यं किंवा नाती बदलली का? ठरावापूर्वी चड्ढा राहू शकत होते, ठरावानंतर नाही. म्हणजे हे काम कायदा करण्याचंच झालं, आणि कायदा करायचा तर घटनेच्या अनुच्छेद 1, कलम 7 चा रस्ता सोडता येत नाही: दोन्ही सभागृहांची मंजुरी, मग राष्ट्राध्यक्षापुढे सादर. रविवार वगळून दहा दिवसांत त्याने सही करायची किंवा कारणं लिहून परत पाठवायचं, म्हणजे नकाराधिकार वापरायचा. परत आलं तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवीत. दहा दिवस काहीच केलं नाही आणि काँग्रेस भरलेली असेल तर सहीशिवाय कायदा होतो. काँग्रेसने कामकाज तहकूब केल्यामुळे विधेयक परत पाठवता आलं नाही तर ते तिथेच मरतं.

नाव बदलून यातून निसटता येईल ही शंका घटना लिहिणाऱ्यांनाही आली होती. ऑगस्ट 1787 मध्ये फिलाडेल्फियात घटना ठरवणाऱ्या परिषदेत जेम्स मॅडिसन यांनी हाच धोका मांडला: विधेयकाला ‘ठराव’ म्हटलं की नकाराधिकार टळेल. दुसऱ्या दिवशी रँडॉल्फ यांनी सुधारित मजकूर आणला आणि त्यातून कलम 7 चा तिसरा परिच्छेद झाला. दोन्ही सभागृहांची संमती लागणारा प्रत्येक आदेश, ठराव किंवा मत राष्ट्राध्यक्षापुढे गेलंच पाहिजे; अपवाद फक्त तहकुबीचा. ज्याला तांत्रिक म्हणून हिणवलं जातं ते वाक्य इतकं समजून उमजून लिहिलेलं आहे.

एका सभागृहाने एकट्याने करायच्या गोष्टी घटनेत चारच ठिकाणी आहेत, असं निकालात मोजून सांगितलं आहे: महाभियोग दाखल करणं (प्रतिनिधिगृह), महाभियोग चालवणं, नेमणुकांना मंजुरी आणि तहांना संमती (तिन्ही सिनेट). प्रत्येक सभागृहाचे अंतर्गत नियम वेगळे. बाकी काही नाही.

म्हणून बातमी वाचताना कागदावरची अक्षरं बघा. ‘एच.आर.’ किंवा ‘एस.’ म्हणजे विधेयक. ते राष्ट्राध्यक्षाकडे जातं. ‘जे.रेस.’ म्हणजे संयुक्त ठराव. तोही जातो आणि त्याला कायद्याचं बळ असतं. यातला अपवाद घटनादुरुस्तीचा: ती राष्ट्राध्यक्षाकडे न जाता थेट राज्यांकडे जाते. ‘कॉन.रेस.’ दोन्ही सभागृहांत मंजूर होतो पण सहीला जात नाही, आणि चड्ढा निकालानंतर त्याने बाहेरच्या कोणाचे हक्क बदलू शकत नाहीत. नुसतं ‘एच.रेस.’ किंवा ‘एस.रेस.’ असेल तर ते त्या सभागृहापुरतं मत आहे. राष्ट्राध्यक्षाचा कार्यकारी आदेश असेल तर पहिलं वाक्य वाचा. कोणत्या कायद्याच्या आधारे काढला ते तिथे लिहिलेलं असतं. फक्त ‘घटना आणि कायदे’ असा मोघम उल्लेख असेल तर आदेशाचा पाया कच्चा असण्याची शक्यता जास्त.

हाच नियम राष्ट्राध्यक्षालाही बांधतो. 1952 मध्ये ट्रुमन यांनी संपाच्या तोंडावर पोलाद कारखाने ताब्यात घेतले. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी आदेश रद्द केला, कारण त्यामागे कायदा नव्हता. 1996 मध्ये तर काँग्रेसनेच राष्ट्राध्यक्षाला सही केलेल्या कायद्यातल्या सुट्या रकमा खोडण्याचा अधिकार देऊन टाकला. क्लिंटन यांनी तो वापरला आणि 1998 मध्ये न्यायालयाने पुन्हा सहा विरुद्ध तीन मतांनी मोडीत काढला. खोडणं म्हणजेही कायदा बदलणं, आणि त्याला तोच रस्ता. दोन्ही बाजू राजी होत्या म्हणून रस्ता बदलत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. हो, काँग्रेस रद्द करू शकते, पण राष्ट्राध्यक्षाने नकाराधिकार वापरला की आकडे बदलतात. सगळे हजर असतील तर 435 पैकी 290 आणि 100 पैकी 67 लागतात. उलट बाजूने बघा: 34 सिनेटर पाठीशी असले की राष्ट्राध्यक्ष सुरक्षित. आपल्याकडे इथेच अंदाज चुकतो. भारतात कलम 111 प्रमाणे परत आलेलं विधेयक संसदेने साध्या बहुमताने पुन्हा मंजूर केलं की राष्ट्रपतींना संमती द्यावीच लागते. तो हिशेब अमेरिकेला लावू नका.

याची किंमत 2019 मध्ये दिसली. 1976 च्या आणीबाणी कायद्यात काँग्रेस सहीविना ठरावाने आणीबाणी संपवू शकत होती. चड्ढा निकालामुळे 1985 मध्ये तिथे संयुक्त ठराव घालावा लागला. ट्रम्प यांनी सीमेवरच्या भिंतीसाठी आणीबाणी जाहीर केली तेव्हा प्रतिनिधिगृहाने 245 विरुद्ध 182 आणि सिनेटने 59 विरुद्ध 41 मतांनी ती संपवण्याचा ठराव केला. 15 मार्चला नकाराधिकार. 26 मार्चला फेरमतदानात 248 विरुद्ध 181: स्पष्ट बहुमत, तरी 38 मतं कमी. आणीबाणी चालू राहिली. जुन्या तरतुदीप्रमाणे ती तिथेच संपली असती.

न्यायमूर्ती व्हाइट यांनी विरोधी मतात नेमकी हीच भीती मांडली होती. जवळपास दोनशे कायद्यांत अशा तरतुदी होत्या. परत घेता येईल या अटीवर काँग्रेसने अधिकार दिले. अट गेली, अधिकार राहिले. त्यांची भीती खरी ठरली हे मला मान्य आहे. निकाल तरी बरोबर आहे असंच माझं मत आहे, कारण अधिकार उदारपणे वाटणारी काँग्रेसच होती आणि कायदे घट्ट लिहिणं तिच्या हातात होतं. मात्र न्यायमूर्ती पॉवेल यांचं स्वतंत्र मत मला बर्गर यांच्यापेक्षा जास्त भिडतं: सभागृहाने सहा नावं घेऊन त्यांचा निवाडा केला, तोही सुनावणीशिवाय, हे काम न्यायालयाचं होतं.

न्यायालयाचा शब्द शेवटचा का? कायद्याचा अर्थ लावला असेल तर नाही. काँग्रेस नवा कायदा करून तो फिरवू शकते. घटनेचा अर्थ लावला असेल तर घटनादुरुस्ती लागते, म्हणजे दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि आज 50 पैकी 38 राज्यं. कठीण आहे, अशक्य नाही: आयकराचा 1895 चा निकाल 1913 मध्ये सोळाव्या दुरुस्तीने असाच उलटला.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. चड्ढा निकालानंतरही खर्चाच्या कायद्यांत ‘काँग्रेसच्या समितीच्या मंजुरीशिवाय ही रक्कम दुसरीकडे वळवू नये’ अशी वाक्यं येतच राहिली. राष्ट्राध्यक्ष सही करताना निवेदन जोडतात की याला आम्ही फक्त पूर्वसूचना समजू, मंजुरी नव्हे. कायद्याने त्यांचं बरोबर आहे. तरी खाती बहुतेक वेळा समितीला विचारूनच पैसे हलवतात, कारण पुढच्या वर्षीचा निधी त्याच समितीकडे मागायचा असतो.